अल्फा नावाची अफवा

गेल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीने सगळ्या टीमला नागावच्या एका रिसॉर्टवर नेलं. सकाळी पोहे, मग ‘लीडरशिप’वर तीन तासांचं सत्र, मग समुद्र, असा बेत होता. सत्र घ्यायला बाहेरून एक कोच बोलावले होते. त्यांची पहिलीच स्लाइड म्हणजे तो फोटो. तुमच्याही फोनवर तो कधीतरी येऊन गेला असेल. बर्फातून एका रांगेत चाललेले लांडगे. कोच समजावू लागले. पुढचे तीन म्हातारे आणि आजारी, कळपाचा वेग ते ठरवतात. त्यांच्यामागे पाच दणकट. मध्ये बाकीची जनता. मागे पुन्हा पाच दणकट. आणि सगळ्यात शेवटी, थोडं अंतर राखून, एकटा चालणारा तो अल्फा. सगळ्यांवर नजर, सगळ्यांवर ताबा. “या खोलीतला अल्फा कोण?” त्यांनी विचारलं. डेव्हऑप्सच्या एका मुलाने हात वर केला. बाकीचे हसले, टाळ्या पडल्या.

खिडकीबाहेर रिसॉर्टच्या गडग्यावर वानरांची एक टोळी बसली होती. पाच-सहा माद्या आणि एक काळपट, नुकतं जन्मलेलं पिल्लू. ते पिल्लू एकीच्या मांडीवरून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे फिरत होतं. प्रत्येकीला ते हवं होतं. हुप्प्या कुठे दिसतही नव्हता. मी श्रीवर्धनकडची. माझ्या सुट्ट्यांमधल्या निम्म्या दुपारी वाडीत डबा बडवत वानरं हाकण्यात गेल्या आहेत. त्यामुळे माझं लक्ष स्लाइडवर कमी आणि गडग्यावर जास्त होतं.

आधी त्या फोटोचं बघू. तो चॅडन हंटर यांनी कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात, बीबीसीच्या ‘फ्रोझन प्लॅनेट’ या २०११च्या मालिकेच्या वेळी काढलेला आहे. रानगव्यांच्या शिकारीला निघालेला २५ लांडग्यांचा कळप. पुढे म्हातारे-आजारी नाहीत. पुढे आहे ती कळपातली प्रमुख मादी. ती बर्फ तुडवून वाट पाडते आणि बाकीचे तिच्या पावलांत पाऊल टाकून आपली ताकद वाचवतात. म्हणजे स्लाइडवरच्या फोटोत नेता होता, फक्त तो रांगेच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि ‘तो’ नव्हता. कोणीतरी खाली खोटी ओळ लिहिली आणि जगभरच्या कोच लोकांना दहा वर्षांचं काम मिळालं.

‘अल्फा’ या शब्दाचा जन्मही असाच गमतीचा आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. कोंडलेल्या जागेत लांडगे वरच्या नंबरासाठी सतत भांडत होते. अमेरिकेतल्या डेव्हिड मेक यांनी १९७०च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकात ही कल्पना उचलली आणि पुस्तक प्रचंड खपलं. मग याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षं उन्हाळे काढून मोकळे लांडगे पाहिले. त्यांना दिसलं ते असं: कळप म्हणजे एक घर. आई, बाप आणि त्यांची एक-दोन-तीन वर्षांची पोरं. आईबाप पुढाकार घेतात कारण ते आईबाप आहेत. कोणाला हरवून ते वर आलेले नाहीत. पोरं मोठी झाली की निघून जातात आणि आपलं घर मांडतात. १९९९ मध्ये मेक यांनी हे स्वच्छ लिहिलं आणि पुढची अनेक वर्षं आपलंच पुस्तक छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. अखेर २०२२ मध्ये छपाई थांबली. एखादा माणूस आपलंच गाजलेलं पुस्तक बाजारातून काढायला लावतो, तेव्हा त्याचं ऐकायला हवं ना? पण मराठी रील बनवणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोचलेलीच नाही. तिथे अजून ‘सिंह एकटाच चालतो’ असं चाललंय. वाघ, बिबट्या, रानमांजर, सगळे एकटे चालतात, आणि मार्जारकुळात कळप करून राहणारा मोठा प्राणी एकच, तो म्हणजे सिंह. बहिणी, मावश्या आणि लेकी मिळून तो कळप होतो. नरसुद्धा बऱ्याचदा भावाभावांनी मिळून कळप धरतात. उदाहरणाला एक प्राणी निवडायचा होता, आणि नेमका तोच निवडला.

आता तुम्ही म्हणाल, कोचने एक चुकीचा फोटो दाखवला, एवढं काय? माझी तक्रार फोटोपुरती नाही. गटात राहणारा कुठलाही प्राणी दिसला की ‘यांचा बॉस कोण’ हा एकच प्रश्न आपल्याला सुचतो, अशी माझी तक्रार आहे. गट म्हणजे शिडी आणि शिडीच्या टोकाला कोणीतरी, हे आपण धरूनच चालतो. एकदा ते धरलं की बाकीचं काही दिसत नाही. कोण जन्मभर राहतो, कोण सोडून जातो, कोण कोणाची बहीण, पिल्लू कोणाच्या हातात देतात, भूक लागली की काय होतं, वादळ आलं की काय होतं. गटात राहण्याची सगळी कहाणी या प्रश्नांमध्ये आहे.

वानरांचंच घ्या. (आमच्याकडे वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. लाल तोंडाचं ते माकड. शहरातल्या वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं, कारण दोघांचे संसार अगदी वेगळे आहेत.) टोळी दिसली की लोक म्हणतात, ‘हुप्प्याची टोळी’. जणू सातबारा त्याच्याच नावावर. पण जोधपूरजवळ वर्षानुवर्षं झालेल्या निरीक्षणांत हुप्प्याची एका टोळीतली कारकीर्द सरासरी दोन वर्षांच्या आसपास निघाली. काहींची काही दिवसांत आटोपली. माद्या मात्र ज्या टोळीत जन्मतात तिथेच मरतात. आजी, आई, मावशी, लेक, नात. कुठल्या आंब्याला कधी मोहोर येतो, उन्हाळ्यात पाणी कुठे राहतं, रात्री कुठल्या झाडावर बिबट्या पोचत नाही, हे ज्ञान त्यांच्याकडे राहतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हुप्प्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला आहे. दोन वर्षं मोठ्याने ओरडतो आणि जातो. सगळी सिस्टिम सांभाळणाऱ्या दुसऱ्याच असतात, आणि त्यांचं नाव प्रेझेंटेशनमध्ये नसतं.

इथे मला एक अप्रिय गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर माझ्यात आणि कोचमध्ये फरक राहणार नाही. वानरांचा संसार गोड नाही. १९६१ ते १९६३ या काळात युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडजवळच्या रानात वानरं पाहत होते. त्यांनी जे नोंदवलं त्याने प्राणिशास्त्रात खळबळ उडाली. बाहेरच्या नरांच्या टोळक्याने एका टोळीवर हल्ला केला, हुप्प्याला हाकललं, मग त्या टोळक्यातल्या एकाने इतरांनाही हाकलून टोळी ताब्यात घेतली आणि अंगावर पिणारी पिल्लं मारली. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि पुढचं पिल्लू नव्या नराचं होतं. पुष्कळांनी म्हटलं ही विकृती आहे, गर्दीमुळे, माणसांच्या त्रासामुळे झालेली. वाद कित्येक दशकं चालला. शेवटी नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीतून १९९९ मध्ये पुढे आलं की मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हतेच. म्हणजे हे आंधळं वेड नाही, यात त्या नराचा हिशेब आहे.

एवढंच ऐकून रीलवाले खूश होतील. पाहा, निसर्गाचा नियम! पण गोष्ट इथे संपत नाही. सारा ब्लाफर हर्डी नावाची पंचविशीतली विद्यार्थिनी १९७१ मध्ये अबूच्या डोंगरावर हेच बघायला आली. ती नरांना बघायला आली आणि तिचे डोळे माद्यांवर खिळले. तिला दिसलं की माद्या बळी म्हणून बसून राहत नाहीत. टोळीबाहेरच्या नरांशीही त्या संग करतात, गाभण असतानासुद्धा, त्यामुळे उद्या यातला कोणी हुप्प्या झालाच तर समोरचं पिल्लू आपलं नाही याची त्याला खात्री उरत नाही. पिल्लावर हल्ला झाला की दोघी-तिघी मिळून नराच्या अंगावर जातात. आणि यात सगळ्यात पुढे कोण असतं? म्हाताऱ्या. वानरांच्या माद्यांमध्ये वय वाढलं की पत घसरते. चांगल्या फांदीवरून तरुण मादी तिला उठवते. पण नर चालून आला की तीच खालच्या नंबराची, दात झिजलेली बाई पहिली झेप घेते. १९७७च्या ‘लंगूर्स ऑफ अबू’ या पुस्तकात हे सगळं आहे. उतरंडीत सगळ्यात खाली असलेली व्यक्ती संकटात सगळ्यात पुढे असते, ही गोष्ट शिडीच्या चित्रात कुठे बसवणार?

बरं, धारवाडचं चित्र तरी सगळीकडे तसंच आहे का? सुगियामांच्या जरा आधी, १९५८ ते १९६०, फिलिस जे या अमेरिकन बाईंनी उत्तर आणि मध्य भारतात वानरं पाहिली होती. त्यांना अनेक नर आणि अनेक माद्या एकाच टोळीत शांतपणे राहताना दिसले. खून नाही, सत्तापालट नाही. मग कोण खोटं? कोणीच नाही. (तेव्हा सगळी वानरं एकच जात मानली जात, आता त्यांच्या बऱ्याच जाती केल्या आहेत. पण एका जातीतही टोळीची घडण जागेप्रमाणे बदलते.) दाट वस्ती, विरळ वस्ती, खाणं एकगठ्ठा मिळतं की विखुरलेलं, शत्रू किती, बाहेर बेकार नर किती फिरतायत, यावर समाजाचा आकार ठरतो. तुम्ही ज्याला ‘निसर्गाचा नियम’ म्हणता ते त्या ठिकाणच्या अडचणींना दिलेलं उत्तर असतं. अडचण बदलली की उत्तर बदलतं.

खूप मागे गेलं तरी हेच दिसतं. २०११ मध्ये सुझान शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडवर्गातल्या २१७ जातींचा वंशवृक्ष मांडून हिशेब केला. त्यांच्या मते आपले पूर्वज आधी एकटे आणि रात्री फिरायचे. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी ते दिवसा बाहेर पडायला लागले आणि त्याच सुमाराला गट झाले. उजेडात एकटं फिरलं तर कोणीतरी खातं. म्हणून आधी नर-माद्यांचे सैलसर घोळके आले. एक नर-एक मादी ही जोडी किंवा एक नर-अनेक माद्या हा जनाना, या दोन्ही गोष्टी नंतरच्या. या क्रमावर पुढे बरेच वाद झाले, नव्या आकडेमोडीत जोडीने राहणंही बरंच जुनं निघतं. पण ‘आधी एक राजा होता, मग त्याची प्रजा झाली’ असं यातलं कोणीच म्हणत नाही. आधी भीती होती. भीतीमुळे जवळ आले. जवळ आल्यावर कोणाला किती सहन करायचं हा प्रश्न आला, आणि राजा, राणी, मावशी, दोस्ती, भांडण मिटवणं ही सगळी त्या प्रश्नाची उत्तरं आहेत.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर या सगळ्याची दुसरी बाजू येते. कोणीतरी मधमाश्यांचं पोळं पाठवतं आणि खाली लिहितं की बघा, निसर्गातही जन्माने कामं वाटून दिलेली आहेत, राणी ती राणी, कामकरी ती कामकरी. याचा रोख कुठे आहे हे सांगायला नको. मी एकदाच उत्तर दिलं होतं. राणी आणि कामकरी माशी एकाच तऱ्हेच्या अंड्यातून होतात. कुठली अळी राणी होणार हे तिला भरवलेल्या आहारावरून ठरतं. ज्या अळीला शेवटपर्यंत राजान्न मिळालं ती राणी, जिला थोड्या दिवसांनी साध्या खाण्यावर ठेवलं ती कामकरी. तेव्हा पोळ्याचा दाखला द्यायचाच असेल तर तो आरक्षणाच्या बाजूने जातो, काका. त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग आलं.

गांधीलमाश्यांची गोष्ट तर याहून भारी आहे, आणि ती आपल्या शेजारची आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर आयुष्य घालवलं. दक्षिण भारतात घरांच्या वळचणीला, खिडकीच्या कोपऱ्यात तिची कागदी घरटी लटकलेली असतात. या माशीची राणी अगदी गरीब. कोणाला ढोसत नाही, कोणाला चावत नाही, कामाला लावत नाही. कामकरी माश्या आपापसांत कामाचं बघून घेतात. राणीला बाजूला काढलं की एक कामकरी अचानक कमालीची आक्रमक होते, आठवडाभरात अंडी घालायला लागते, आणि राणी झाली की तिचाही राग ओसरतो, तीही गरीब होते. मजा अशी की पुढची राणी कोण हे संशोधकांना आधी ओळखता येत नाही. पण माश्यांना ते कळत असावं, कारण तिला कोणी आव्हान देत नाही. आणि याच कुळातली दुसरी जात, रोपालिडिया सायाथिफॉर्मिस, तिची राणी मात्र दादागिरी करणारी. दोघी सख्ख्या शेजारणी, घरटं सारखंच, राज्यपद्धती उलटी. आता ‘निसर्गाचा’ दाखला यातल्या कुठल्या माशीचा घ्यायचा?

मी हे सगळं सांगताना मला एक मोह होतोय तो कबूल करते. मलाही वाटतं म्हणावं, बघा, निसर्गात माद्याच चालवतात, तेव्हा ऑफिसातही तसंच करा. तसं म्हटलं तर मी कोचच्याच खुर्चीत जाऊन बसले. हर्डींच्या वानरी पिल्लं वाचवतात आणि परक्या टोळीच्या माद्यांना हाकलूनही देतात. प्राण्यांकडून आदेश घेता येत नाही, मग तो मला आवडणारा का असेना. त्यांच्याकडून एवढंच मिळतं की ‘हे असंच असतं’ ही सबब बंद होते.

सबब बंद होणं किती मोलाचं आहे, हे मला निसर्ग वादळाने शिकवलं. ३ जून २०२०. इंजिनिअरिंग संपून वर्ष झालं होतं, लॉकडाउनमुळे मी घरून काम करत होते. दुपारपर्यंत आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले, पडवीची कौलं शेजारच्या विहिरीत. संध्याकाळी वारा पडला तेव्हा आजी ओटीवर येऊन नुसती बघत राहिली. वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्या दिवसांत गावात एक प्रकार झाला. बांधावरून ज्यांचं दोन पिढ्यांचं वैर, त्यांनी एकमेकांची झाडं कापून रस्ता मोकळा केला. आमच्या विहिरीवर कधी न येणारी घरं आमच्या विहिरीवर आली. ते फार दिवस टिकलं नाही, हेही सांगते. पंचनामे सुरू झाले आणि भांडणं परत आली.

मला तेव्हा वाटलं हे माणसांचं काहीतरी खास आहे. मग दोन-तीन वर्षांनी कायो सान्तियागोबद्दल वाचलं. पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळचं हे छोटं बेट. १९३८ मध्ये क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी भारतातून सुमारे ४०० लाल तोंडाची माकडं जहाजातून नेऊन तिथे सोडली. आज बेटावर असलेली सगळी माकडं त्यांची वंशज. उत्तर भारतातली ही जात उतरंडीसाठी कुप्रसिद्ध. मुलीला आईचा नंबर मिळतो, वरच्या घरातलं पोर खालच्या घरातल्या मोठ्या मादीला उठवतं. अल्फावाल्यांना हवं असलेलं उदाहरण बरोबर हेच. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ या बेटावरून गेलं. ६३ टक्के हिरवळ नाहीशी झाली. सावली उरली नाही. दुपारच्या उन्हात सावलीचा तुकडा म्हणजे जीव की प्राण, आणि तुकडे थोडे. सगळ्यांचा अंदाज होता की आता वरच्या नंबराची माकडं सावली बळकावतील आणि मारामाऱ्या वाढतील. झालं उलटं. भांडणं कमी झाली. ज्यांना पूर्वी जवळ येऊ दिलं नसतं त्यांना माकडं शेजारी बसू द्यायला लागली. आधी एकटी पडलेली माकडं जास्त ओळखी जोडू लागली. २०२१ मध्ये याचा पहिला निबंध आला. २०२४ मध्ये कॅमिल टेस्टार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वादळानंतर जी माकडं इतरांना सहन करत होती, तीच जास्त जगली. वादळाआधी या गोष्टीचा जगण्या-मरण्याशी असा संबंध नव्हता. आणि आमच्या गावासारखं ते आठवड्यात विरलं नाही. वर्षानुवर्षं टिकलं, कारण झाडं परत आली नव्हती.

आपल्याच देशातून गेलेल्या, उतरंडीत मुरलेल्या माकडांनी एका दुपारीनंतर समाजाचे नियम बदलले. आणि आमच्या कंपनीत बेल कर्व्ह बदलता येत नाही, कारण ‘स्पर्धा नैसर्गिक आहे’. दरवर्षी प्रत्येक टीममधून कोणाला तरी तळाला टाकायचंच, मग टीम कितीही चांगली असो. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्येच सोडली. आमच्याकडे ती या वर्षी अधिक कडक झाली. माझ्या अप्रेझलमध्ये लिहिलं आहे: ‘टेक्निकली स्ट्राँग, इतरांना खूप मदत करते, पण डॉमिनन्स कमी पडतो.’ म्हणजे रात्री दोन वाजता ज्युनिअरचा बग सोडवायला बसले ते गुण म्हणून लिहिलं आणि त्याचेच मार्क कापले. ज्याने हात वर केला होता तो मुलगा बढती घेऊन गेला. त्याच्याशी माझं भांडण नाही, तो चांगला मुलगा आहे. सर्व्हर पडला की त्याला कोणाला फोन करायचा ते माहीत असतं.

पण शिडीच्या चित्राने खरं नुकसान ऑफिसात नाही, गावात होतं. या उन्हाळ्यात आमच्याकडे बैठक झाली. विषय वानरं. इथे शहरातल्या प्राणिप्रेमींनी जरा थांबावं. केळीचा घड गेला, आंब्याचा मोहोर ओरबाडला, वालाच्या शेंगा गेल्या, निसर्गनंतर लावलेल्या माडाचे कोवळे कोंब गेले, तर तो पैसा परत येत नाही. सुपारीचं नवं झाड हाताशी यायला पाच-सात वर्षं लागतात. माझे काका रात्री झोपत नाहीत. बैठकीत एकाने तोडगा सुचवला, आणि तो सगळ्यांना पटला. हुप्प्याला धरून घाटावर नेऊन सोडायचं. म्होरक्या गेला की टोळी पांगेल. पकडणारा माणूस ठाऊक आहे, वर्गणी काढू, वनखात्याची परवानगी बघू.

मी उठून बोलले. गावच्या बैठकीत पहिल्यांदाच. म्हटलं, टोळी त्याची नाहीच. टोळी माद्यांची आहे, आणि त्या इथून हलणार नाहीत, त्यांच्या आज्या इथल्या आहेत. हुप्प्या गेला की जागा रिकामी होईल आणि रानात फिरणाऱ्या नरांतला कोणीतरी ती घेईल. तो पिल्लं मारेल, माद्या लगेच पुन्हा गाभण राहतील. वर्षभराने टोळी तेवढीच, वाडी तीच, वर्गणी मात्र गेलेली. आणि घाटावर सोडलेला हुप्प्या दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात.

काका म्हणाले, “मग तूच सांग काय करायचं. तुझ्या पुस्तकातल्या वानरांना सांग, माझी केळी सोडा म्हणून.” लोक हसले. मीही हसले, पण उत्तर सोपं नव्हतं. हिमाचल प्रदेशात लाल तोंडाच्या माकडांची नसबंदी २००७च्या सुमारापासून चालू आहे, लाखाच्या वर माकडांवर शस्त्रक्रिया झाल्या, तरी तिथल्या शेतकऱ्याची ओरड थांबलेली नाही. मी एवढंच म्हटलं की आधी टोळ्या मोजू. किती, कुठून येतात, रात्री कुठल्या झाडांवर असतात. आणि समुद्रावर पर्यटक त्यांना जे वेफर्स आणि ब्रेड खायला घालतात, हॉटेलांच्या मागे जो कचरा पडतो, तो आधी बंद करू. ज्याच्या घरामागे उकिरडा आहे तो गावातला वजनदार माणूस. तो गप्प बसला होता. नुकसानभरपाईचे अर्ज एकेकट्याने न देता सगळ्यांनी एकत्र द्यावेत, हेही सुचवलं. त्यावर मागून कोणीतरी म्हणालं, “हिला सरपंच करा.” ते कौतुक नव्हतं.

निर्णय झाला नाही. पकडणाऱ्याला तूर्त निरोप पाठवायचा नाही, एवढं ठरलं. मी फोनवर एक साधा फॉर्म बनवून दिला आहे: तारीख, वेळ, कोणाची वाडी, किती वानरं, पिल्लं किती. बारावीतली चार मुलं आणि माझी आजी तो भरतात. आजीला लिहिता येतं पण टाइप करता येत नाही, ती मला व्हॉइस मेसेज पाठवते. गेल्या आठवड्यातला असा होता: “आज सकाळी विहिरीकडून आली गो. तेरा. ती शेपूट तुटलेली म्हातारी होती पुढे. हुप्प्या मागे राहिला होता, रमेशच्या फणसावर.”